जोडीतला दुसरा

भाऊबीजेच्या दुपारी, चारच्या सुमारास, आमच्या माहेरी दरवर्षी एक पेच पडतो. ओवाळून झालेले असते, श्रीखंड-पुरी अंगावर आलेली असते, फराळाच्या डब्यांत चकल्यांचे तुकडे तेवढे शिल्लक असतात. आणि तीन पिढ्यांची दहा-अकरा माणसे बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर बसून एकमेकांच्या तोंडाकडे पाहत असतात. पाहायचे काय?

माझे सासर ठाण्याला, माहेर डोंबिवलीला, आणि भावाने बिऱ्हाड केले आहे कल्याणला, खडकपाड्याला. नकाशावर पाहिले तर आम्ही एकमेकांचे शेजारीच म्हणायचे. ठाण्याहून धीम्या गाडीत बसले की कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, की आलीच डोंबिवली. पण मध्य रेल्वेने रोज जा-ये करणाऱ्या कोणालाही विचारा. रविवारी पुन्हा त्याच फलाटावर पाय ठेवावा असे कोणाला वाटत नाही. तेव्हा सणावारीच भेट व्हायची, आणि भेट झाली की सगळ्यांनी मिळून एक चित्रपट पाहायचा, हा आमच्या घरचा कुळाचारच होऊन बसला आहे. मुलांना मारामारी हवी असते, भावजयीला गाणी हवी असतात, आईला शेवट गोड हवा असतो, आणि अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पोलीस हवे असतात.

पोलीसही एकटादुकटा चालत नाही. दोन हवेत. एक नियमाने चालणारा नि दुसरा नियम खुंटीला टांगून धावत सुटणारा. एकाला घरी बायकोमुले, दुसऱ्याला ना घर ना दार. दोघांचे क्षणभर पटत नाही आणि एकमेकांवाचून क्षणभर चालतही नाही. अशी जोडी पडद्यावर आली की अप्पा पाय वर घेऊन मांडी घालून बसत. ‘बसत’ असे म्हणते, कारण गेली तीन वर्षे त्यांनी अशा चित्रपटांचे नाव काढलेले नव्हते.

गेल्या भाऊबीजेला मुलांनी ‘झपाटलेला २’ लावायचा घाट घातला. माझा मुलगा अप्पांना म्हणाला, “आजोबा, यात पोलीस आहेत, मारामारी आहे, शिवाय तात्या विंचू!” अप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि म्हणाले, “तुम्ही बघा. मला तो दुसरा भाग नको.” एवढे बोलून ते आतल्या खोलीत जाऊन पडले.

मुले हिरमुसली. मला मात्र कारण ठाऊक होते. ते समजून घ्यायला आमच्या दारासमोरच्या दारात डोकवावे लागेल.

समोरच्या बिऱ्हाडातले काका आणि अप्पा तीस वर्षे एकाच गाडीने मुंबईला गेले आणि एकाच गाडीने परत आले. कचेऱ्या वेगवेगळ्या, डबा मात्र एक. अप्पा गाडीच्या आधी दहा मिनिटे फलाटावर उभे राहणार. काका गाडी हलल्यावर तीत चढणार. अप्पा खिडकीजवळची जागा धरणार. काका आयुष्यभर चौथ्या सीटवर, एक पाय बाहेर, अर्धे शरीर वाऱ्यावर. अप्पांच्या खिशात पास, पासाच्या मागे पत्त्याची चिठ्ठी, आणि पाकिटात ऐन वेळेसाठी घडी करून ठेवलेली दहाची नोट. काकांच्या खिशात काय असेल ते काकांनाही ठाऊक नसे. इतकी वर्षे बरोबर काढूनही दोघे एकमेकांना ‘अहो-जाहो’ करीत. त्या पिढीची ती रीतच होती.

१९९१ सालची गोष्ट असेल. मी शाळेत होते. काकांनी एका शनिवारी रात्रीपुरता व्हीसीआर भाड्याने आणला. त्या काळी ही बातमी लपत नसे. जिन्यावरून पेटी वर जाताना दिसली की प्रत्येक मजल्यावरून सतरंज्या खाली येत. बरोबर तीन कॅसेटी होत्या. एक हिंदी, सर्वांसाठी. एक पौराणिक, आजीसाठी. आणि तिसरी, रात्री बारानंतर लावायची म्हणून काकांनी हळूच बाजूला ठेवलेली, इंग्रजी: ‘लीथल वेपन’चा दुसरा भाग. पहिला भाग आम्ही कोणी पाहिलेला नव्हता. काका म्हणाले, “काही बिघडत नाही. मुंबईची गाडी ठाण्याला पकडली म्हणून काय व्हीटी येत नाही?”

वाचकांपैकी ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लॉस एंजलिसचे दोन पोलीस. मर्टॉ हा वयस्क, संसारी, निवृत्तीकडे डोळे लावून बसलेला. रिग्ज हा तरुण, पत्नी गेल्यापासून जिवावर उदार झालेला. डॅनी ग्लोव्हर नि मेल गिब्सन यांनी या भूमिका केल्या, आणि रिचर्ड डोनर यांनी १९८७ ते १९९८ या काळात या जोडीचे चार चित्रपट काढले. दुसरा भाग १९८९ चा. त्यात दक्षिण आफ्रिकेचे वकिलातीतले अधिकारी चोरटा व्यापार करतात आणि पकडायला गेले की राजनैतिक संरक्षणाचा कागद पुढे करतात. हा भाग आम्हांला त्या रात्री फारसा कळला नाही. इंग्रजी आमच्या कानांवरून नुसते वाहत होते आणि काका मराठीत जे सांगत होते त्यातले निम्मे ते मनानेच रचीत असावेत.

परंतु एक प्रसंग असा आला, की त्याला भाषांतराची गरज नव्हती. मर्टॉ आपल्या घरच्या शौचकुपात कमोडवर बसतो, आणि मग त्याच्या ध्यानात येते की खाली बाँब लावलेला आहे; उठले की फुटणार. बिचारा रात्रभर तसाच बसून राहतो. शेवटी रिग्ज येतो. बाँबवाली पथके येतात, घरभर माणसे होतात. बाँब गोठवायचा आणि तेवढ्या क्षणात मर्टॉला खेचून बाजूच्या टबात उडी घ्यायची, असे ठरते. सगळ्यांना बाहेर काढतात. रिग्ज मात्र जात नाही. तो मित्राचा हात धरून तिथेच थांबतो.

आमच्या खोलीतली अवस्था विचारू नका. आजी जपमाळ घेऊन उठलीच, “हे काय बाई उघड्यावर दाखवतात!” असे पुटपुटत ती स्वयंपाकघरात गेली आणि दाराच्या फटीतून पाहत राहिली. आई हसावे की डोळे पुसावे या विचारात. अप्पा श्वास रोखून बसलेले. आणि ऐन त्या क्षणी काकांनी मांडीवर थाप मारून जाहीर केले, “काही होत नाही हो! दोघेही वाचतात! तो कमोड खिडकीतून उडून मोटारीवर पडतो!”

“गप्प बसा हो!” अप्पा ओरडले.

हे काकांचे व्यसनच होते. शेवट आधी सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नसे, आणि सांगितल्यावर अप्पांनी ‘गप्प बसा हो’ म्हटल्याशिवाय त्यांना समाधान वाटत नसे. पुढे केबल आली, तबकड्या आल्या, काकांनी पाहिलेले चित्रपट अप्पांना दाखवायचा सपाटा लावला. पण ही दोन वाक्ये काही बदलली नाहीत.

पोलिसांच्या या जोड्या अमेरिकेने जगभर विकल्या हे खरे. पण कल्पना काही त्यांच्या घरची नव्हे. जपानमध्ये अकिरा कुरोसावाने १९४९ सालीच एक चित्रपट काढला, ‘स्ट्रे डॉग’ नावाचा. त्यात एका नवख्या पोलिसाचे पिस्तूल गर्दीच्या बसमध्ये चोरीला जाते (आमच्या डोंबिवलीकरांना हा प्रसंग समजावून सांगायला नको), आणि एका मुरलेल्या अधिकाऱ्याबरोबर तो ते शोधीत उन्हाळ्यातल्या तोकियोत वणवण फिरतो. तोशिरो मिफुने नि ताकाशी शिमुरा यांची ती जोडी पाहिली की पुढच्या सगळ्या जोड्यांचे आजोबा भेटल्यासारखे वाटते. आणि पोलीस हा शब्द बाजूला ठेवला, तर एक धडाडीचा नि एक कचखाऊ अशा जोडीसाठी मराठी माणसाला तोकियोलाही जायला नको. चिं. वि. जोशांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ घरोघर होतेच. १९७० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनने ते पडद्यावर आणले तेव्हा शेजाऱ्यांच्या घरी दाटीवाटीने बसून लोकांनी ते पाहिले. त्यातले चिमणराव होते दिलीप प्रभावळकर. हे नाव लक्षात ठेवा. ते पुढे पुन्हा येणार आहे, आणि फार निराळ्या वेषात.

गंमत अशी, की ज्या १९८७ साली अमेरिकेत रिग्ज-मर्टॉची जोडी जमली, त्याच साली आपल्याकडे ‘दे दणादण’ आला. महेश कोठारे फौजदार, लक्ष्मीकांत बेर्डे हवालदार. लक्ष्याच्या अंगी एकाएकी अचाट शक्ती येते, आणि लाल रंग नजरेस पडला की ती नाहीशी होते. १९८० साली सर्जिओ कोर्बुची या इटालियन दिग्दर्शकाने मायामीतल्या एका पोलिसाची अशीच कथा ‘सुपर फझ’मध्ये रंगवली होती, साम्य लपण्यासारखे नाही, आणि ते लपवण्याची कोणाला गरजही वाटली नसावी. कारण मराठीत येताना कथेचे सगळे कपडे बदलले. तिकडे पोलिसांना मोटारी. त्या उडायच्या, आपटायच्या, पेटायच्या. इकडे लक्ष्याला सायकल. तिच्यावरून जाणाऱ्या त्या पोलिसाला थांबवणारे प्रेमा किरण यांचे गाणे आजही हळदीच्या कार्यक्रमांत वाजते. मोटारींच्या शर्यतीला जेवढा खर्च येतो तेवढ्यात आपल्याकडे चार चित्रपट निघत असतील. तेव्हा सायकल ही काही कोणी विचारपूर्वक काढलेली युक्ती नव्हे, ती गरज होती. पण गरजेने का होईना, तो पोलीस आपला वाटला. आमच्या काकांकडेही तशीच एक काळी सायकल होती, आणि तिलाही ब्रेक नव्हते.

मला पुष्कळदा वाटते, कोठारे यांना त्या काळी दुसरा भाग काढावा लागला नाही, कारण त्यांचा प्रत्येक चित्रपट हा आधीच्याचा दुसरा भागच होता. ‘धूमधडाका’ १९८५ चा, ‘थरथराट’ १९८९ चा, ‘धडाकेबाज’ १९९० चा. कथा निरनिराळ्या. कधी महेश पोलीस, कधी साधा तरुण. पण महेश तो महेश आणि लक्ष्या तो लक्ष्या. एक वैतागून ‘डॅम इट’ म्हणणार, दुसरा त्याला वैताग आणणार. पोलीस अधिकारी हवा असला की खाकी पोशाखात जयराम कुलकर्णी हजर. शनिवारी दूरदर्शनवर मराठी चित्रपट पाहताना, आणि पुढे वाहिन्या वाढल्यावर तर आठवड्यातून चार वेळा, आमच्या घरी कोणी ‘हा कोणता चित्रपट’ असे विचारीत नसे. ‘महेश-लक्ष्याचा आहे’ एवढे पुरे.

‘झपाटलेला’ १९९३ सालचा. तात्या विंचू नावाचा अट्टल गुन्हेगार मरता मरता मंत्राने आपला जीव एका बाहुल्यात घालतो. मूळ कल्पना १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकन चित्रपटाची, पण बाहुला मात्र रामदास पाध्यांचा. ज्यांच्या वडिलांनी अर्धवटरावाला बोलते केले त्या घरातला. आणि तात्या विंचू कोण? तेच आपले चिमणराव, दिलीप प्रभावळकर! ज्या माणसाने मराठी घरांना हसवले त्याच्याच खर्जातल्या आवाजाने पुढच्या पिढीतली मुले पांघरुणात शिरली. बाबा चमत्कार झालेले राघवेंद्र कडकोळ सांगतात, की बाहुल्यातून सुटायचे तर ज्याला तू आपले गुपित पहिल्यांदा सांगितलेस त्याच्याच देहात शिरावे लागेल. तो माणूस म्हणजे लक्ष्या. मग लक्ष्या ओरडत राहतो की बाहुला जिवंत आहे, आणि जगात कोणी विश्वास ठेवीत नाही. विश्वास बसतो तो शेवटी पोलीस अधिकारी महेश जाधवचा. तात्याला मारायचे तर नेम दोन भुवयांच्या मधोमध बसला पाहिजे, अन्यथा नाही.

तो चित्रपट आम्ही डोंबिवलीतच पाहिला. दोन्ही बिऱ्हाडे मिळून एक रांग. मध्यंतरानंतर, ऐन रंगात, संपूर्ण रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात काका म्हणाले, “भुवयांच्या मध्ये!” पुढचे तुम्हाला माहीत आहे.

१६ डिसेंबर २००४ रोजी लक्ष्मीकांत बेर्डे गेले. वय अवघे पन्नास. दुसऱ्या दिवशी गाडीत डब्यातल्या मंडळींनी पत्ते काढले नाहीत असे अप्पांनी घरी येऊन सांगितले. काका तर दोन-तीन दिवस गप्पच होते. त्यांच्याहून वयाने लहान असलेला माणूस, आणि ज्याला ते कधी भेटलेही नव्हते असा. पण आपल्या जातीचा माणूस गेला असे त्यांना वाटले असावे. गाडी हलल्यावर चढणाऱ्यांची जातच वेगळी असते.

त्यानंतरच्या पावसाळ्यात २६ जुलै आला. सांताक्रूझच्या वेधशाळेने २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला, तो दिवस. आमच्याकडच्या प्रत्येक घरात त्या रात्रीची एक तरी कथा आहे, ही आमची. अप्पा-काकांची गाडी मुंब्रा सोडून थोडी पुढे आली आणि थांबली ती थांबलीच. रुळांवर पाणी, दिवे गेलेले. दोन-तीन तासांनी तरुण माणसे उड्या टाकून दिव्याच्या दिशेने चालू लागली. फलाट नसताना डब्यातून जमीन किती खाली असते हे प्रवाशांना सांगायला नको. अप्पांच्या गुडघ्याचे त्याच महिन्यात दुखणे निघाले होते. उडी मारणे शक्यच नव्हते.

“तुम्ही पुढे व्हा,” अप्पा म्हणाले. “घरी सांगा, मी सकाळी येतो.”

काका दारातच उभे होते. त्यांना तर उडी मारायला निमित्तच हवे असायचे. पण ते आत आले आणि, आयुष्यात पहिल्यांदाच, रिकाम्या बाकावर खिडकीजवळ ऐसपैस बसले. अंधारात बराच वेळ कोणी बोलले नाही. मग काका म्हणाले, “तुमचा तो कमोड झालाय बघा. उठताही येत नाही.”

“काका, थट्टा नको. पाणी वाढतंय. तुम्ही जा.”

“जाऊन काय करू? वहिनींना काय सांगू, तुमचा नवरा गाडीत ठेवून आलो? काही होत नाही हो. दोघेही वाचतात.”

“गप्प बस रे,” अप्पा म्हणाले.

तेवढ्या एका शब्दाने वीस-बावीस वर्षांचे ‘अहो-जाहो’ संपले. सकाळी साडेदहाला दोघे गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून जिना चढले तेव्हा एकमेकांना ‘अरे-तुरे’ करीत होते. आई आणि काकू दोघी दारात उभ्या होत्या. त्यांना पूर आणि पाऊस यांपेक्षा त्या ‘अरे’चेच जास्त आश्चर्य वाटले.

मग २०१३ साली ‘झपाटलेला २’ आला. कोठारे यांनी तो त्रिमितीत काढला. मराठीत ही गोष्ट नवीच होती. कथा अशी, की तात्या विंचू परततो, पण लक्ष्या आता या जगात नाही असे त्याला कळते. तेव्हा तो लक्ष्याच्या मुलाच्या मागे लागतो. मुलाच्या भूमिकेत कोठाऱ्यांचे चिरंजीव आदिनाथ. साथीला मकरंद अनासपुरे. आणि महेश जाधव आता वयाने नि हुद्द्याने मोठा झालेला. मी ठाण्याहून दूरध्वनी केला, “अप्पा, तुमची नि काकांची तिकिटे काढते.” उत्तर काकांनी दिले, ते नेहमीप्रमाणे आमच्याच घरी बसलेले होते. “लक्ष्या नाही तर काय बघायचे? जोडीतला एक गेला की दुसऱ्याने दुकान बंद करावे. आम्ही नाही येणार. काय रे?” अप्पांनी ‘नाही’ म्हटले. तो विषय तिथेच संपला, आणि तो जणू दोघांचा नेमच ठरला.

तीन वर्षांपूर्वी काका झोपेतच गेले. समोरच्या दारात आता काकू एकट्या असतात. अप्पांच्या ‘मला तो दुसरा भाग नको’ याचा अर्थ एवढाच होता.

मुलांना अर्थात यातले काही ठाऊक नव्हते. चित्रपट सुरू झाला. आणि पाच-दहा मिनिटांतच भाची कंटाळून म्हणाली, “आत्या, हे सारखे वस्तू पुढे का करतात?”

प्रश्न बरोबर होता. कोणी काठी पुढे करतो, काहीतरी प्रेक्षकांच्या दिशेने फेकतो, तात्या विंचू हात लांब करतो, आणि सारे काचेवर येऊन चपटे होते. मी तिला समजावून सांगितले. आपल्या दोन डोळ्यांत सहा-साडेसहा सेंटिमीटरचे अंतर असते, त्यामुळे प्रत्येक डोळ्याला जग किंचित निराळे दिसते. बोट नाकासमोर धरून एकेक डोळा मिटून पाहा, बोट सरकते. मेंदू ही दोन चित्रे एकमेकांवर बसवतो आणि त्या फरकातून खोली निर्माण करतो. त्रिमितीचा चित्रपट घेताना म्हणूनच दोन डोळ्यांची दोन चित्रे घेतात. पडद्यावर दोन्ही एकदम टाकतात. आणि चित्रपटगृहात वाटलेला चष्मा उजव्या डोळ्याचे चित्र उजव्याला नि डाव्याचे डाव्याला पोचवतो. मग काठी नाकाशी येते, मुले किंचाळतात. घरच्या टीव्हीवर मात्र दोनांपैकी एकाच डोळ्याचे चित्र येते. मध्यंतरी घरात चष्मा लावून पाहायचे टीव्ही निघाले होते, पण लोकांना घरात चष्मे सांभाळण्याचा कंटाळा आला आणि २०१७ च्या सुमारास कंपन्यांनी ते बंद केले.

“म्हणजे दुसरे चित्र आहे कुठे?” भाचीने विचारले.

“असते. आपल्याकडे येत नाही.”

हे बोलताना माझे लक्ष आतल्या दाराकडे गेले. अप्पा पडलेले नव्हते. उंबऱ्याशी उभे राहून ऐकत होते. मला बोलून बसल्याचे फार वाईट वाटले; पण बोललेला शब्द मागे घेता येत नाही. तेवढ्यात समोरचे दार वाजले आणि काकू ताटलीत अनारसे घेऊन आल्या. त्यांनी एकदा पडद्याकडे पाहिले, एकदा उंबऱ्याकडे.

“भाऊजी, तुम्ही आत का?”

“बघतायत ती. मी नाही बघत हा.”

“अगं बाई! का?”

अप्पांनी उत्तर दिले नाही. आईनेच सांगितले, की दोघांचे ठरले होते, लक्ष्याशिवायचा पाहायचा नाही म्हणून.

काकूंनी ताटली स्टुलावर ठेवली. पदराला हात पुसले. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आहे की दुसरे काही, हे मला क्षणभर कळेना. “भाऊजी, ह्यांनी हा दोनदा पाहिला होता.”

“काय?”

“दोनदा. तुम्ही सगळे गावी गेला होतात ना, देवीच्या जत्रेला, तेव्हा दुपारी टीव्हीवर लागला होता. मला म्हणाले, दार लावून घे. आणि नंतर पुन्हा एकदा लागला तर पुन्हा पाहिला. मला बजावून ठेवले होते, त्याला सांगू नकोस, त्याला वाईट वाटेल.”

खोलीत कोणी बोलेना. पडद्यावर तात्या विंचू मनसोक्त हसत होता. अप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“लबाड!” ते म्हणाले. “अस्सल लबाड माणूस!” आणि तरातरा येऊन आपल्या खुर्चीत बसले. पाय वर घेतले, मांडी घातली. शेजारची खुर्ची, जिच्यावर एरवी आम्ही वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवतो, ती मुलाने रिकामी केली; काकू तिच्यात बसल्या.

चित्रपट चांगला की वाईट, हे मला प्रामाणिकपणे सांगता येणार नाही. पहिल्याची धार त्याला नाही असे मला ठाण्यात पाहिला तेव्हाही वाटले होते. पण त्या दुपारी मी पडद्याकडे फारसे पाहिलेच नाही. अप्पा महेश जाधवचे केस पिकले म्हणून हळहळले, मकरंद अनासपुऱ्यांच्या वाक्यावर ठसका लागेपर्यंत हसले, नि भिंतीवरच्या घड्याळात सहाचे ठोके पडले तरी चहा मागायचे विसरले. गोष्ट शेवटाकडे आली. तात्या विंचू निसटतो की काय अशी स्थिती झाली. मुले पुढे सरकली. मुलाने अनारसा तोंडाजवळ नेऊन तसाच धरून ठेवला.

काकू खुर्चीत सावरून बसल्या. “आता बघा हं, भाऊजी,” त्या म्हणाल्या, “आता काय होतं सांगू का, तो—”

“वहिनी,” अप्पा पडद्यावरची नजर न काढता ओरडले, “गप्प बसा हो!”